पांढऱ्या उंदरांचे सोवळे

घरातला उंदीर माणसाला रोग देतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रयोगशाळेतल्या उंदरालाच माणसाकडून, भुशाकडून किंवा पाण्याच्या बाटलीकडून जंतूंची बाधा झाली तर? एक उंदीर आजारी पडला, एवढ्यावर ती गोष्ट थांबत नाही. तिचे धागे थेट आपल्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत येऊन पोहोचतात.

घरात उंदीर शिरला, की साऱ्या घराची झोप उडते. धान्याचे डबे हलवले जातात, सापळ्याला भजे लावले जाते आणि लेंड्या पडलेली फळी फिनेलने धुऊन काढली जाते. मात्र जगातल्या अनेक संशोधन संस्थांमध्ये याच्या अगदी उलटे दृश्य दिसते. तिथे आत जाणारा माणूस आधी आंघोळ करतो, अंगावरचे कपडे बाहेर ठेवून निर्जंतुक कपडे चढवतो, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, पायात वेगळी पादत्राणे घालतो आणि मगच दोन दारांच्या मधल्या खोलीतून पलीकडे जातो. पलीकडे कोणी रुग्ण नसतो, नवजात बाळही नसते. असतात ते ओळीने मांडलेले पिंजरे, आणि पिंजऱ्यांत वीस-तीस ग्रॅम वजनाचे उंदीर!

आजीच्या काळच्या देवघरातही इतके कडक सोवळे पाळले जात नसेल. ते का पाळायचे, याला मात्र सबळ कारण आहे.

एकसारख्या उंदरांची गरज

औषध माणसाला देण्यापूर्वी ते प्राण्यांवर तपासले जाते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा उंदराचा असतो. उंदीर जागा कमी घेतो, खातो थोडे, जेमतेम तीन आठवड्यांत वितो आणि त्याची पिले दोनेक महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. त्याचे सारे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे. म्हणजे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण, सारे काही संशोधकाला दोन वर्षांत पाहता येते.

पण एवढे पुरेसे नसते. औषध दिलेला उंदीर आणि न दिलेला उंदीर यांच्यात फरक दिसला, तर तो औषधामुळेच आहे, याची खात्री हवी. त्यासाठी उंदीर एकमेकांसारखे हवेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी या गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळत असत. त्यांच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने १९२१ साली एक काळा वंश तयार केला. 'सी-५७ ब्लॅक' या नावाने तो आज जगभर वापरला जातो. भाऊ-बहिणींचे मीलन सलग वीस पिढ्या घडवत नेले, की त्या वंशातले सारे उंदीर जुळ्या भावंडांइतके सारखे होतात. लिटल यांनी पुढे १९२९ साली मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली आणि असे शुद्ध वंश सांभाळणे हेच तिचे मोठे काम ठरले.

रक्त सारखे झाले, दाणा सारखा झाला, पिंजराही सारखा झाला. पण पोटातले जंतू सारखे नसले तर?

फ्रेडरिकचे कोडे

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे एक मोठे संशोधन केंद्र मेरीलँड राज्यात फ्रेडरिक येथे आहे. १९९२ सालच्या शरद ऋतूत तिथल्या शास्त्रज्ञांपुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. एका दीर्घकालीन प्रयोगात रसायनांचा शरीरावर होणारा परिणाम तपासला जात होता. नेहमीप्रमाणे काही उंदीर नुसते तुलनेसाठी ठेवलेले होते. त्यांना कोणतेही रसायन दिलेले नव्हते. खाऊन-पिऊन सुखी राहणे, एवढेच त्यांचे काम!

आणि नेमक्या याच उंदरांची यकृते बिघडलेली आढळली. यकृताला जुनाट सूज होती आणि पुष्कळ उंदरांत यकृताच्या गाठीही होत्या. ज्यांना काही दिलेच नाही, त्यांना कर्करोग झाला कशाने? दाण्यात विष होते का? भुशात काही होते का? हा एखादा नवा विषाणू होता का?

उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. नेहमीच्या रंगाने न दिसणारे जंतू चांदीचे क्षार वापरून केलेल्या खास रंगक्रियेने उठून दिसतात. तसे रंगवल्यावर यकृतातल्या पित्ताच्या बारीक नलिकांमध्ये मळसूत्रासारखे पीळ असलेले जीवाणू दिसले. १९९४ साली या जीवाणूची ओळख जगाला करून देण्यात आली आणि त्याला 'हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस' असे नाव मिळाले. माणसाच्या जठरात अल्सर करणाऱ्या 'हेलिकोबॅक्टर पायलोरी'चा हा भाऊबंद. योगायोग असा, की त्याच १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पायलोरीला माणसात कर्करोग घडवणारा जंतू म्हणून पहिल्या वर्गात टाकले होते.

या नव्या जंतूची लबाडी अशी, की तो उंदराला चटकन आजारी पाडत नाही. तो मुख्यतः आतड्यात राहतो. उंदीर खातो, खेळतो, वितो. वरवर पाहणाऱ्याला तो ठणठणीतच दिसतो. शिवाय सारे वंश सारखे बळी पडत नाहीत. फ्रेडरिकच्या 'ए' वंशातल्या नरांची यकृते बिघडली, तर 'सी-५७ ब्लॅक' वंशाचे उंदीर तोच जंतू पोटात घेऊन बहुधा निर्धास्त राहतात. साहजिकच कित्येक वर्षे तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

खरा हादरा पुढेच होता. कोणत्या रसायनाने कर्करोग होतो, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत 'नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम' या सरकारी उपक्रमाखाली उंदरांवर दोन-दोन वर्षांच्या चाचण्या केल्या जातात. त्यांचे जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा बारा चाचण्यांमधले उंदीर या जंतूने बाधित असल्याचे आढळले. त्यांपैकी नऊ चाचण्यांत अनेक नरांच्या यकृताला सूज होती. रसायन न दिलेल्या उंदरांतही यकृताच्या गाठींचे प्रमाण वाढलेले होते. हा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्या चाचण्यांतल्या यकृताच्या गाठी रसायनाने झाल्या, की जंतूने, हे छातीठोकपणे सांगणे अवघड होऊन बसले. दोन वर्षांचे श्रम, पैसा आणि शेकडो उंदरांचे प्राण खर्ची पडले, आणि हाती आले ते प्रश्नचिन्ह!

एखादे रसायन घातक आहे असे चुकून ठरले, तर उपयोगी वस्तू बाजारातून जाते. घातक असून निर्दोष ठरले, तर ते आपल्या घरात येते. उंदराच्या आतड्यातल्या जंतूची आपल्या घराशी गाठ पडते ती इथे.

जुने शत्रू

उंदरांच्या वसाहतीत साथ येणे ही नवलाईची गोष्ट नव्हे. १९१७ साली अर्नेस्ट टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने जपानी 'नाचऱ्या' उंदरांमध्ये पसरलेल्या यकृताच्या जीवघेण्या रोगाचे वर्णन केले. कानातल्या दोषामुळे स्वतःभोवती गिरक्या घेणारे हे उंदीर तेव्हा हौसेने पाळले जात. आज हा रोग 'टायझर्स डिसीज' म्हणूनच ओळखला जातो. त्याचा जंतू बीजाणू तयार करतो. बीजाणू म्हणजे जंतूने पांघरलेले चिलखत. या रूपात तो भुशात दीर्घकाळ तग धरतो आणि औषधांनाही दाद देत नाही.

त्याआधी १८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश लोफ्लर यांनी उंदरांच्या 'टायफॉईड'चा जंतू शोधला होता. गंमत म्हणजे, त्यांनी तो मारण्यापेक्षा वापरण्याचाच विचार अधिक केला. ग्रीसमधल्या थेसली प्रांतात शेतातल्या उंदरांनी उच्छाद मांडला होता. लोफ्लर स्वतः तिथे गेले आणि जंतू मिसळलेले खाद्य शेतात टाकले गेले. आज तोच जंतू माणसाच्या अन्नविषबाधेचे एक नेहमीचे कारण म्हणून ओळखला जातो. म्हणजे हा उपाय किती धोक्याचा होता, ते पाहा!

काही जंतूंचे वागणे तर चक्रावून टाकणारे असते. मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, घशात सुखाने नांदणारा एक जंतू लहान उंदरांच्या वसाहतीत शिरला, तर प्राणघातक साथ आणू शकतो, आणि चाव्यावाटे माणसात शिरला तर ताप, सांधेदुखी आणि पुरळ घेऊन येतो. म्हणूनच लहान आणि मोठे उंदीर एका खोलीत ठेवू नयेत, असा दंडक आहे.

नळाच्या पाण्यात, मोरीत, ओल्या फडक्यात सापडणारा 'स्यूडोमोनास' हा आणखी एक. धडधाकट उंदराला तो काहीही करत नाही. पण किरणोत्सर्गाचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा किरण दिलेले काही उंदीर अपेक्षेपेक्षा फार लवकर मरू लागले. किरणांनी त्यांची प्रतिकारशक्ती गेली होती आणि पिण्याच्या बाटलीच्या तोटीत वाढलेल्या जंतूंनी संधी साधली होती. यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्या लोणच्याची आठवण करून देणारा आहे. पाण्यात थोडे आम्ल घालून ते चांगले आंबट करायचे, की त्यात हा जंतू वाढत नाही. उंदीरही ते पाणी फारशी कुरकूर न करता पितात.

लेंडी हेच वाहन

एका पिंजऱ्यातला जंतू पाहता पाहता साऱ्या खोलीत कसा पोहोचतो? याचे मूळ उंदराच्या एका सवयीत आहे. उंदीर स्वतःच्या आणि सोबत्यांच्या लेंड्या खातो. आपल्याला किळस वाटेल, पण आतड्यात तयार होणारी काही जीवनसत्त्वे त्याला अशी परत मिळतात. मात्र आतड्यातल्या जंतूला यापेक्षा सोपा मार्ग कोणता हवा? एका पिंजऱ्यातल्या एकाला बाधा झाली, की साऱ्यांना झालीच म्हणून समजावे.

एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जंतू नेण्याचे काम मात्र बहुतेक वेळा माणूसच करतो. तोच मोजा, तोच चिमटा, भुशाचा तोच डबा. काही जंतू तर माणूस स्वतःच्या अंगावरून नेतो. अनेकांच्या नाकात मुक्कामाला असणारा 'स्टॅफिलोकॉकस' हा त्यांतलाच. तो उंदरांत गळवे आणतो. जन्मतःच केस आणि प्रतिकारशक्ती नसलेले 'न्यूड' उंदीर कर्करोगाच्या संशोधनात वापरतात. त्यांच्या कातडीवर 'कोरीनेबॅक्टेरियम बोव्हिस' हा जंतू बसला, की अंगभर कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे येतात. हे पापुद्रे हवेत उडतात, टेबलावर पडतात, मोज्यांना चिकटतात आणि पुढच्या पिंजऱ्यात जातात.

एकेकाळी मुंबईत याच्या उलट दिशेचा शोध चालला होता. १८९६ सालच्या प्लेगनंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, मोठ्या उंदराच्या अंगावरचा जंतू पिसवेच्या मार्फत माणसापर्यंत कसा येतो, याचा छडा लावण्याचे काम झाले. उंदरापासून माणसाला वाचवायचे, हा तेव्हाचा प्रश्न होता. माणसापासून उंदराला वाचवायची वेळ पुढे आली.

पहारा आणि पहारेकरी

उंदरांच्या घरातले नियम समजून घेतले, की एखाद्या काटेकोर गृहिणीचे स्वयंपाकघर आठवते. स्वच्छ वस्तू एका दाराने आत येते, खरकटी वस्तू दुसऱ्या दाराने बाहेर जाते आणि दोन्हींची वाट कधी एक होत नाही. भुसा दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात, दाण्यावर वाफेची किंवा किरणांची प्रक्रिया करतात. हवा गाळून सोडतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे दार उघडले, तरी वारा आतून बाहेर जातो, बाहेरून आत येत नाही.

काम करण्याचाही क्रम ठरलेला असतो. आधी सर्वांत स्वच्छ खोली, मग तिच्यापेक्षा कमी स्वच्छ, शेवटी संशयित. उलटे जायचे नाही. अनेक संस्थांत कर्मचाऱ्यांना घरी उंदीर, हॅमस्टर असले प्राणी पाळायची मनाई असते. बाहेरून आणलेल्या उंदरांना वेगळ्या खोलीत ठेवून, तपासणी झाल्यावरच बाकीच्यांत सोडतात. १९५८ साली लिझबेथ क्राफ्ट या संशोधिकेने पिलांच्या हगवणीच्या साथीवर काम करताना पिंजऱ्यालाच गाळणीचे झाकण बसवण्याची युक्ती पुढे आणली. आजच्या अनेक प्रयोगशाळांत प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र नळीने गाळलेली हवा मिळते, ती याच विचाराची पुढची पायरी.

एवढे करून जंतू शिरला, तर कळणार कसे? उंदीर आपले दुखणे लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला आजारी दिसणे परवडत नाही. पाठीला पोक, विस्कटलेले केस, मिटत आलेले डोळे ही लक्षणे दिसतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून वसाहतीत काही उंदीर 'पहारेकरी' म्हणून ठेवतात. इतर पिंजऱ्यांतला थोडा थोडा वापरलेला भुसा दर वेळी यांच्या पिंजऱ्यात टाकतात. साऱ्या खोलीची घाण अंगावर घेणे, हीच यांची नोकरी! काही महिन्यांनी त्यांची तपासणी होते आणि ते बहुधा आपला जीव देऊनच अहवाल देतात. पण काही जंतू भुशातून नीट पसरतच नाहीत आणि पहारेकरी निरोगी राहतो. त्यामुळे अलीकडे पिंजऱ्यांतून बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीतली धूळ पुसून घेऊन तिच्यात जंतूंच्या जनुकांचा शोध घेण्याची पद्धत रूढ होत आहे. पीसीआर हे नाव करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचले, तीच ही चाचणी.

औषध द्यावे की न द्यावे?

जंतू सापडला, तर औषध देऊन मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. पेनिसिलिनची थोरवी तरी उंदरांनीच सिद्ध केली होती. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिले ते जगले, उरलेले चौघे मेले. (त्या दिवशी उंदरांऐवजी गिनिपिग घेतले असते, तर औषधानेच घात केला असता. गिनिपिगच्या आतड्याला पेनिसिलिन मुळीच मानवत नाही.)

मात्र वसाहतीत प्रतिजैविक वापरणे हे दुधारी शस्त्र आहे. औषधाने जंतू दबतात, पण कित्येकदा संपत नाहीत. न्यूड उंदरांचा कोंडा औषध चालू असेपर्यंत कमी होतो, बंद केले की परत येतो. शिवाय औषध चालू असताना तपासणी केली, तर जंतू दबलेले असल्याने ती खोटा दिलासा देते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे औषध आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही मारते. ज्या उंदरावर प्रयोग करायचा, तो उंदीरच बदलून जातो. हेलिकोबॅक्टरवर दोन प्रतिजैविके आणि बिस्मथ असा माणसाच्या अल्सरसारखाच तिहेरी इलाज काही प्रयोगांत यशस्वी झाला आहे. पण हजारो पिंजरे असतील, तर प्रत्येक उंदराच्या पोटात दोन आठवडे औषध नेमके जाईल, याची काळजी कोण घेणार?

मग सर्वांत सोपा मार्ग उरतो तो सारी वसाहत मारून टाकण्याचा. खोली रिकामी करायची, धुऊन-पुसून, धुरी देऊन निर्जंतुक करायची आणि बाजारातून स्वच्छ उंदीर आणून नव्याने सुरुवात करायची. ऐकायला हे क्रूर वाटते आणि ते क्रूर आहेच. ज्या कर्मचाऱ्याने रोज भुसा बदलला, पिले मोजली, त्यालाच हे काम करावे लागते. उंदीर बाजारात मिळणारे असतील, तर निदान संशोधन थांबत नाही. पण १९८९नंतर एखादे जनुक काढून टाकलेले खास उंदीर तयार होऊ लागले. एकेका वंशामागे एखाद्या विद्यार्थ्याची चार-पाच वर्षे असतात आणि तो वंश जगात दुसरीकडे कुठेच नसतो. तो मारून कसा टाकणार?

दूधआईच्या कुशीत

इथे कामी येते ती एक जुनी युक्ती. बहुतेक जंतू पिलाला आईच्या पोटात नव्हे, तर जन्मल्यावर मिळतात. म्हणून बाळंतपणाच्या ऐन तोंडावर आईचा बळी देऊन गर्भाशय पिलांसकट काढून घेतात आणि जंतुनाशकाच्या टाकीतून ते पलीकडच्या निर्जंतुक कक्षात नेतात. तिथे पिले बाहेर काढून, पुसून, श्वास सुरू करून दूधआईकडे सोपवतात. ही दूधआई आदल्या एक-दोन दिवसांत व्यालेली हवी आणि परक्या पिलांना सांभाळणारी हवी. सगळ्याच माद्या तशा नसतात. काळ्या पिलांना पांढरी दूधआई शोधतात, म्हणजे कोणते पिलू कोणाचे, हा घोळ होत नाही.

१९४७ साली बॉस्टनमध्ये चार्ल्स रिव्हर ही कंपनी काढणाऱ्या हेन्री फॉस्टर या पशुवैद्याने या पद्धतीने स्वच्छ वंश तयार करून त्यांचा मोठा व्यवसाय उभारला. आता त्याऐवजी गर्भ अगदी सूक्ष्म असतानाच काढून, अनेकदा धुऊन, स्वच्छ मादीच्या गर्भाशयात ठेवतात. हा मार्ग अधिक खात्रीचा आहे, कारण काही जंतू गर्भाशयातही शिरतात आणि तिथे नुसत्या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही.

हेलिकोबॅक्टरच्या बाबतीत तर आईला मारायचीही गरज पडत नाही, असे २००० साली दिसून आले. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिले उचलून स्वच्छ दूधआईकडे दिली, तर ती जंतूपासून मुक्त राहू शकतात. आंघोळ घातलेले इवलेसे गुलाबी पिलू नव्या आईच्या घरट्यातल्या भुशात घोळवायचे, म्हणजे त्याला तिचा वास लागतो आणि ती त्याला आपले म्हणते. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या जगात हे काम अजून माणसाच्या हलक्या हातावर अवलंबून आहे.

आईच्या दुधातून काय काय येते, हे शोधायलाही दूधआईच उपयोगी पडली होती. १९३६ साली जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी स्तनाच्या कर्करोगाची शक्यता जास्त असलेल्या वंशाची पिले दुसऱ्या वंशाच्या आईला पाजायला दिली आणि त्यांच्यात कर्करोग कमी झाला. दुधातून जाणारा तो घटक पुढे विषाणू ठरला. उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात आपल्या पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात मोलाची भर घातली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

भारतात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचे वंश सांभाळण्याचे, ते पुरवण्याचे आणि त्यांची देखभाल शिकवण्याचे काम हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आवारात बऱ्याच काळापासून चालत आले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६०च्या कायद्यान्वये नेमलेल्या समितीची देखरेख असते आणि नव्या प्राण्यांना वेगळे ठेवणे, नोंदी राखणे यांचे नियम आहेत. पण आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि वीज जाणे या तीन गोष्टी नियमांच्या पुस्तकापेक्षा जास्त त्रास देतात. दमट हवेत भुसा ओला राहतो आणि वातानुकूलन बंद पडले, की दोन तासांत महिन्यांची मेहनत पणाला लागते.

फार स्वच्छ झाले तर?

सोवळ्याचाही अतिरेक होऊ शकतो. एकही जंतू नसलेले उंदीर अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात पूर्वीच तयार झाले होते. त्यांचे आतड्याचे तोंड फुगून मोठे होते आणि त्यांना 'के' जीवनसत्त्व दाण्यातून द्यावे लागते, कारण ते बनवणारे जंतूच पोटात नसतात. म्हणून दुधाला विरजण लावावे, तसे स्वच्छ उंदरांना निवडक चांगले जंतू लावतात. १९७८ साली ठरलेले आठ जंतूंचे असे एक विरजण आजही वापरात आहे.

२००९ साली तर वेगळाच धक्का बसला. न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना असे दिसले, की दोन नामांकित पुरवठादारांकडचे एकाच 'सी-५७ ब्लॅक-६' वंशाचे उंदीर प्रतिकारशक्तीच्या एका महत्त्वाच्या पेशीबाबत अगदी वेगळे आहेत. कारण काय, तर एका ठिकाणच्या उंदरांच्या आतड्यात धाग्यासारखा एक निरुपद्रवी जंतू होता, दुसरीकडे नव्हता! दोन्हीकडचे उंदीर निरोगी, दोघांचीही प्रमाणपत्रे चोख.

मिनेसोटा विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वच्छ उंदरांच्या सोबतीला पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर सोडले. सुमारे पाचवा हिस्सा स्वच्छ उंदीर दगावले. जे वाचले, त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसासारखी झाली. त्याआधी ती नवजात बाळासारखी होती. मग औषधे तपासायची ती कोणावर?

हा प्रश्न पुस्तकी नाही. मार्च २००६मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे 'टीजीएन १४१२' हे नवे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना प्रथमच देण्यात आले. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. त्यांचे प्राण वाचले, पण मोठ्या कष्टाने. आधी प्राण्यांवर, अगदी माकडांवरही, हा धोका दिसला नव्हता. २०१९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या वंशाचे गर्भ रानउंदरांच्या माद्यांत वाढवले. वंश तोच, पण अंगावर-पोटात रानातले सारे जंतू. स्वच्छ उंदरांनी अशा प्रकारच्या औषधाला दिलेला प्रतिसाद आश्वासक होता, पण या रानटी जावळाच्या उंदरांचा प्रतिसाद माणसाच्या जवळ जाणारा निघाला.

म्हणून पहारा सैल करायचा, असे मात्र कोणी म्हणत नाही. रानातले जंतूही मोजूनमापून, नोंद ठेवूनच आत घेतले जातात. २००७ साली आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संस्थांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हेलिकोबॅक्टर बहुसंख्य ठिकाणी सापडला होता. जनुक बदललेल्या उंदरांची देवघेव वाढली, तसा तोही त्यांच्याबरोबर प्रवास करत राहिला होता.

आणि ज्याने १९९२ साली फ्रेडरिकचा प्रयोग बिघडवला, तो 'हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस' आज अनेक ठिकाणी मुद्दाम वाढवला जातो. आतड्याला सूज का येते, सूज पुढे कर्करोगाकडे कशी वळते, हे पाहण्यासाठी तो उंदरांना हेतुपुरस्सर देतात. त्या उंदरांची खोली वेगळी, मोजे वेगळे, भुसा टाकायची पिशवीही वेगळी. झाडलोटीला दिवसभरात त्या खोलीची पाळी सर्वांत शेवटी येते.